एकाच मापाचे दोन परकर

माझं तोंड चालू लागलं की हात आंधळे होतात, हे काही मी नाकारत न्हाई. आमी धारूरला राहत होतो तेव्हाची गोष्ट. शेजारच्या सोनावहिनींनी दिवाळीला दोन्ही पोरींना एकाच छिटाचे परकर करायचं ठरवलं. धाकट्या बनीच्या अंगाला आजवर थोरल्या चंद्राचंच जुनं लागलेलं. तिचा हा पहिलाच नवा कपडा. शिवणार मी.

सुतळी घेऊन मापाला बसले, पण वहिनींना कचेरीतल्या नव्या पेशकाराच्या बायकोची बातमीही सांगायची होती. एक पोर पाठमोरी उभी राहिली, मापली. दुसरी आली, मापली. दोन्ही सुतळ्या सारख्याच भरल्या.

"वहिनी, थोरलीची वाढ खुंटली बघा! दूध द्या तिला."

आठ दिवस चंद्राला रोज पेलाभर दूध मिळालं. दिवाळीच्या आदल्या दिवशी तिनं परकर घातला, तर तो गुडघ्यापाशीच थांबला. ती रडायलाच लागली.

वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, आठ दिवसांत एवढी वाढली?"

तेव्हा बनी हळूच बोलली, "काकू, ताई अंगणात खेळत होती. दोन्ही बारीला मीच उभी राहिले."

"कावून गं, असं का केलंस?" मी विचारलं.

"माझं माप कुणी कधी घेतलंच नव्हतं. लई ग्वाड वाटलं."

माझ्या ठेवणीतल्या लुगड्याचा जरीकाठ काढून चंद्राच्या परकराला खाली जोडला. चंद्रा हसली. बनी मात्र त्या काठाकडे बघतच राहिली. मला वाटलं, आता ही रडणार.

तर ती म्हणाली, "ताई, रोज दूध पीत जा गं. लवकर वाढ."