पांढऱ्या फुलांना कुंकू

मिस हेझलच्या चर्चमधला माझा पराक्रम तुम्हाला सांगितलाय का मी? मिस हेझल म्हणजे माझी घरमालकीण. एटीजमध्ये न्यू जर्सीत शिकत होते ना, तेव्हा तिच्याकडे भाड्यानं राहायचे. त्यांचं ब्लॅक लोकांचं चर्च. मदर्स डेला आपल्या आयांचा सन्मान करायचा, म्हणून तिच्याच किचनमध्ये कमिटी बसली. गाणी ठरली, प्रार्थना कोण म्हणणार ते ठरलं. मी आगाऊपणे म्हटलं, "फुलं मी आणते!"

आदल्या दिवशी दोन बादल्या भरून फुलं आणली. सगळी पांढरीशुभ्र, आपल्या मोगऱ्यासारखी. कमिटीत ऐंशीच्या पुढच्या मदर रूबी होत्या, त्या चर्चमध्ये वडीलधाऱ्या बायकांना मदरच म्हणतात. त्या बादल्यांत डोकावून म्हणाल्या, "अगं पोरी, आम्हा सगळ्या आयांनाच मारलंस की!"

मग मिस हेझलनं सांगितलं, आई हयात असेल तर छातीवर लाल फूल लावतात, गेली असेल तर पांढरं. आणि आता दुकानांत लाल फूल औषधालाही उरलं नव्हतं. शेवटी मी खोलीतून आईनं दिलेला कुंकवाचा करंडा आणला आणि सगळ्यांनी बसून निम्म्या फुलांना कुंकू लावलं. मदर रूबींनी कपाळालाही लावून घेतलं.

पुढच्या मदर्स डेपर्यंत माझी आई गेली होती. चर्चच्या दारात मी गुपचूप पांढरं फूल उचललं. मिस हेझलनं ते हातातून काढून घेतलं, लाल टोचलं आणि खेकसली, "मग मी काय मेलेय?"