दिव्याखालची मेथी

रत्नागिरी बंदरावर, मुंबईच्या बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावाची वाट बघत बसलेल्या आवडाबाईचे कान शेजारच्या जोडप्याकडे होते. बायकोला मुंबईला न्यायला आलेल्या नवऱ्याच्या मांडीवर मातीच्या डब्यात उगवलेली मेथी होती.

"कमळे, आपल्या बिनखिडकीच्या खोलीत विजेच्या दिव्याखाली वाढवली. मेथी जगते, मग तू नाय जगायचीस?"

"माना बघा कशा दिव्याकडं ताणल्यात! पिवळी फटफटीत. आणि तोंडात टाकली तर कडूसुद्धा नाय!"

"घरमालक म्हणतो, दिवा दिलाय, खिडकी कशाला?"

"मग त्यालाच ही भाजी खायला घाला."

"म्हणजे येत नायस?"

"येते की! पण खिडकीची खोली मिळेपर्यंत मुंबईतल्या माझ्या आत्याकडं राहीन."

आवडाबाईला राहवेना. "पोरी, मेथीचे दाणे घेतलेस?"

"पदराला बांधलेत, मावशी. खिडकी ह्यांनी शोधायची."