लाटेमागची होडी

पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात हुस्नबानो थेंब घातलेले डोळे मिटून बसली होती. शेजारी एक म्हातारा आणि त्याची लेक बोलत होती. दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.

“दिपिका, तू त्या लॅबमदी नक्की काय करायचीस गो?”

“आज कसं विचारताय, बाबा?”

“डोले मिटून बसलोय. सांग.”

“खाडीत लाँच गेली की मागे लाट उठते ना?”

“उठते.”

“तसा लेसर प्लाझ्मातून जातो, म्हणजे विजेनं भारलेल्या वायूतून. मागे लाट उठते. तिच्यावर इलेक्ट्रॉनचा झोत चढवायचा, की तो सुसाट वेग घेतो. मग किलोमीटरभर लांबीच्या यंत्राचं काम वीतभर नळीत होतं.”

“होडी पन तशीच चढते. पन येलेवर घालाय लागते.”

“हो. उशीर झाला की लाट पुढे निघून जाते.”

“मंग तुमची चढली?”

“दोन वर्षं थांबल्यावर त्या लेसरवर माझा नंबर लागला होता, पाच दिवसांचा. त्याच आठवड्यात हरेशची हळद होती.”

“मी बोललो, भावाला करवलीशिवाय हलद लागाची नाय. लॅब काय पलून जातंय?”

“माझे दिवस दुसऱ्यांना दिले. त्यांचा झोत चढला. माझा नंबर परत लागला नाही.”

“मला तवा असा समजावून सांगाचास ना, बाय.”

“हीच लाँच, हीच होडी सांगितली होती, बाबा. तुम्ही मांडवाचे बांबू मोजत होतात.”

मग नर्स आली.

“आजोबा, डोळे उघडा आता.”

“थांब गो जरा. औषदाचा पानी येतंय.”