बाईंच्या वर्गातले लाल ठिपके

सभेचे अध्यक्ष माननीय कुलगुरू महोदय, अधिष्ठाता मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप देण्याची आपल्याला इतकी घाई झाली आहे त्या आमच्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख, म्हणजे आमच्या बाई, सहकारी मंडळी आणि हजेरी लागणार असं कळल्यामुळे आलेल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

बाईंबद्दल बोलायचा मान मला मिळाला, हे साहजिकच आहे. पुढच्या महिन्यापासून त्यांची खुर्ची माझी, खोलीही माझी. खिडकीला कोणत्या रंगाचा पडदा हवा, हे कचेरीनं मला विचारूनसुद्धा झालं. बाई अजून त्याच खोलीत बसतात, ही बाब वेगळी.

आपल्या वर्गांत मोठाले स्क्रीन लागले आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती छोटा रिमोट आला, ते आपल्याला आठवत असेलच. शिकवता शिकवता शिक्षकानं विचारायचं, 'समजलं का?' समजलं तर हिरवं बटण, नाही तर लाल. स्क्रीनवर ठिपके उमटतात. कुणाचा कुठला, ते कळत नाही. वर्षाअखेरीस अध्यापन मूल्यमापन समितीनं ते मोजले. माझा वर्ग हिरवागार, नुसतं कुरण! बाईंचा लालेलाल. अहवालात शेरा पडला : 'नव्या तंत्राशी जुळवून घेण्यात अडचण.' बाईंनी तो वाचला आणि मुदतीआधीच निवृत्तीचा अर्ज दिला. भांडल्या नाहीत. 'कंटाळा आला हो,' एवढंच म्हणाल्या.

आता बाई शिकवतात काय? शोधनिबंधाचं इंग्रजी. म्हणजे पुरावा जेवढा, तेवढंच बोलायचं. कुणी 'यावरून सिद्ध होते' असं लिहिलं, की त्या वाक्यावर पेन्सिल टेकवून बाई विचारणार, 'सिद्ध होतं, की तुला तसं वाटतं?' हे पहिल्या फटक्यात कुणाला समजेल, मला सांगा. आपल्या समितीला तरी समजलं का?

सोमवारी मी जिना उतरत होतो. खालच्या वळणावर दोन मुली बोलत होत्या.

'सरांच्या तासाला मुकाट्यानं हिरवं दाब हं. लाल दिसलं की पहिल्यापासून सुरू करतात.'

'आणि बाईंच्या?'

'तिथं खरं दाबायचं. बाई चिडत नाहीत गं. खुर्ची पुढे ओढतात नि म्हणतात, चला, आता शिकवायला मजा येईल.'

मी खोकलो. त्या पळाल्या. मला पळायला जागा नव्हती.

आज शुक्रवार. मधल्या काळात मी कुणापाशी चकार शब्द काढला नाही. का? पडदा शिवायला गेला होता. निळा.

कुलगुरू महोदय घड्याळ पाहताहेत, आटोपतो. समारंभ 'सहभागी' व्हावा म्हणून आयोजकांनी प्रत्येक खुर्चीवर रिमोट ठेवलाय, एक मलाही दिलाय. तेव्हा एकच प्रश्न विचारतो. बाई का चालल्या, ते आपल्याला समजलं का? दाबा.

पाहा! सवय ती सवय. सगळं सभागृह हिरवं. एकच ठिपका लाल. बाईंकडे पाहू नका, त्यांचे दोन्ही हात फुलांत अडकलेत. तो माझा आहे.

महोदय, बाईंच्या अर्जावर आपली सही अजून व्हायची आहे. सहीपूर्वी तो अहवाल पुन्हा तपासावा आणि तोवर ती खुर्ची मला देऊ नये, ही जाहीर विनंती. फुलं देऊन झाल्यावर सुचली, हे खरं, पण सुचली.

अरेच्चा, आणखी दोन लाल झाले. आणि तिकडे डावीकडे... बरं, बरं. बटण पुन्हा दाबता येतं, हे मला सांगायचं राहिलंच होतं.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलताना काही अधिकउणं झालं असेल तर सर्वांनी सांभाळून घ्यावं. न बोलता जे झालं, त्याची माफी एकट्या बाईंकडे मागायची आहे.

बाई... ती फुलं खाली ठेवून खुर्ची कशाला ओढताय पुढे?