सासूची मिशी

"काका, दरवर्षी नाटकात सासू तुम्हीच का हो?" मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून अंजनीनं लोंढ्याच्या बसच्या रांगेत परशरामकाकांना विचारलंच.

"गावातली बाई स्टेजवर उभारत न्हाय गं. म्हणून मीच मिशी काढतो."

नाटक बसवणारा सिद्धेश मागंच होता. "काका, यंदाबी काढा की!"

"न्हाय रं. लेकीचं लगीन हाय. बिनमिशीचा बाप मांडवात उभारू व्हय?"

"मग नाटक बंदच म्हणायचं."

"बंद तर बंद." काकांनी मिशीवरून बोट फिरवलं. "पण माणसं लई हसायची रं."

घरी पोचताच अंजनीनं दप्तर टाकलं. "आई, आप्पा, काकांची मिशी ऱ्हाणार आणि नाटकबी होणार. यंदा सासू मी!"