ड्यूटीतून नाव वगळण्याबाबत

—नाही नाही, बसा हो, उभ्या राहू नका. खुर्ची डुगडुगते, पण बसा. तुमचं काम तर झालंय ना? निवडणुकीच्या ड्यूटीतून नाव काढलं, सोमवारीच — सतराशे कर्मचाऱ्यांत एवढ्या झटपट सुटलेल्या तुम्ही एकट्याच. नाहीतर मतदानाची तारीख लागली की अख्खी नगरपालिका आजारी पडते. त्या वसुली विभागातल्याचा गुडघा — गेल्या निवडणुकीत डावा होता, यंदा उजवा. मी जुना अर्ज काढून समोरच ठेवला, म्हटलं, दुखणं रस्ता ओलांडून गेलं वाटतं? गुपचूप उठला. जाताना लंगडायचंसुद्धा विसरला. म्हणून मी कुणावर विश्वास ठेवत नाही. सर्टिफिकेट आणलं तर डॉक्टरला फोन लावतो — आणि डॉक्टरवरही ठेवत नाही.

काय? रद्द करायचं? रद्द केलेलं रद्द करायचं? म्हणजे ड्यूटी हवीय तुम्हाला? थांबा, चष्मा पुसू द्या जरा. बाई, सत्तावीस वर्षं या टेबलाशी बसतोय, ड्यूटी द्या म्हणून आलेलं माणूस पाहिलं नाही. कुणी पाठवलं? केंद्र कुठलं हवंय? सांगा ना — नात्यातलं कुणी उभं आहे का, दीर, मामेसासरे? कुठलंही केंद्र चालेल? मग तर जास्तच गडबड दिसतेय. पहाटे पाचला पेट्या घेऊन निघायचं, दिवसभर याद्यांत नावं हुडकायची, वर मतदारांची बोलणी खायची — आणि तेही अशा अवस्थेत? अशा म्हणजे — अहो, अर्जातच लिहिलंय की, तिसरा महिना. अभिनंदन. मी कुणाजवळ बोललो नाही. म्हणजे आवक-जावकच्या बाईंजवळ बोललो, त्या पुढे कुणाकुणाजवळ बोलल्या ते त्यांना ठाऊक.

नाही? नाही म्हणजे? मुळात दिवसच गेलेले नाहीत?

अहो, पण तुमच्या सासऱ्यांनी स्वतः आणून दिला हा अर्ज! आमचे जुने हेडक्लार्क ते, मला हे काम त्यांनीच शिकवलं. 'तोंड बघू नकोस, कागद बघ' — त्यांचंच वाक्य. सर्टिफिकेट? मागाहून जोडतो म्हणाले. हो, नाही मागितलं मी. त्यांच्याकडे मागू? बघायचाय तुम्हाला? असा दाखवत नाहीत — पण आता तुमचाच अर्ज, तुम्हाला नाही दाखवायचा तर कुणाला. हा घ्या. खाली सही बघा तुमची, कशी सुवाच्य. काय दाखवताय? आडनाव? त्याला काय झालं — थांबा, हजेरीपट घेतो. हं. हजेरीपटावर माहेरचं. पगारपत्रकावर माहेरचं. अर्जावर सासरचं. बदललंच नाहीत? चार महिने झाले ना लग्नाला? आणि बदलणारही नाही. असो, तुमचा प्रश्न. त्यांना विचारावंसंच वाटलं नसणार — सून आली म्हणजे आडनाव आलंच, असं धरून चालले. आणि मी तरी? लोकांच्या गुडघ्यांची बाजू लक्षात ठेवतो, आणि हे ढळढळीत...

हळू बोला. त्यांच्या मनात वाईट नसेल हो. घरची बाई अंधारात परक्या माणसांबरोबर गाडीत बसून जाणार, काळजी वाटते. मीही लिहिला होता की. आमच्या सूनबाईचा, गेल्या निवडणुकीत, ती इथेच कामाला होती तेव्हा. पाठदुखी म्हणून. सहीही मीच — तिच्यासारखी जमते मला. पाठ ठणठणीत होती तिची. पुढे तिला कायम करायची वेळ आली, साहेबांनी फाइल उघडली, म्हणाले, एक दिवस झेपत नाही त्यांना जन्मभर काय झेपणार? राहून गेलं ते. आता मुलगा-सून दोघं आमच्यापासून वेगळे राहतात. त्यामुळे नाही हं, जागा लहान पडत होती. मुलगा फोन करतो. ती — ती कामात असते. मी हे तुम्हाला कशाला सांगतोय?

तुमचंही कायम व्हायचं वर्ष भरायचंय, माहीत आहे. म्हणूनच सांगतो, मी हळूच हा कागद काढून टाकतो, नाव परत घालतो, कुणाला पत्ता लागायचा नाही. नको? लेखी देणार? 'सदर अर्ज माझा नाही, सही माझी नाही' — अहो, इतकं सरळ लिहू नका! त्यांची चौकशी लागेल, या वयात. शिवाय संध्याकाळी त्याच घरात जाणार ना तुम्ही? त्यांच्यासमोर जेवायला बसणार? ...बसणार. बरं.

दोन प्रती कशाला? पोच? माझ्यावर विश्वास नाही? नको, बोलू नका, उत्तर नकोय मला. हा शिक्का. ही सही, माझी, माझ्या हातची. तारीख बघा. मजकूर जुळवताय? जुळवा. प्रशिक्षण गुरुवारी, सकाळी दहाला, मोठ्या सभागृहात, ओळखपत्र आणायचं. निघा आता. नाही, त्यांना फोन करणार नाही मी. म्हटलं ना, नाही करणार. मग परत का बसलात? अहो — बरं, हा बघा, उचलून त्या टेबलावर ठेवला फोन. आता तरी निघा, बाई.