पन्नास सह्या

साहेब : वॉर्डची किल्ली दे.

डॉक्टर : आधी माझं पॅड दे.

साहेब : कसलं पॅड?

डॉक्टर : साळसूदपणाचा आव आणू नकोस, दादा. चिठ्ठ्यांचं पॅड. ‘कैदी तपासला, चौकशीस हरकत नाही.’ खाली माझी सही.

साहेब : तूच दिलंस ते. मी काय बंदूक रोखली होती?

डॉक्टर : नाही रोखलीस. जखमींचे दोन ट्रक आले होते, मी ऑपरेशनला उभी, आणि तुझा माणूस सहीसाठी सारखा दारात. म्हटलं, पन्नास कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून टाकते, कटकट मिटेल. तू म्हणालास, कुणाला बरं नसलं तर तुला बोलावतोच. सख्खा भाऊ म्हणून विश्वास ठेवला. अक्कल गहाण टाकली होती मी.

साहेब : मग बिघडलं कुठं?

डॉक्टर : काल दुपारी तीनची चिठ्ठी आहे. तीन वाजता मी एकाचा पाय कापत होते. आणि तुझ्या दोघांनी चार वाजता हा चौकशीस हरकत नसलेला माणूस चादरीत घालून आणला. खांदा निखळलेला, तळपाय जमिनीला टेकवत नाहीत. चार दिवस डोळ्याला डोळा लागू दिला नाहीत त्याच्या.

साहेब : पडला असेल.

डॉक्टर : तळपायांवर कोण पडतं, दादा?

साहेब : हे बघ, तो त्यांचा ड्रायव्हर आहे. पकडलेल्या आपल्या लोकांना कुठं ठेवलंय ते त्याला ठाऊक आहे. आणि त्या लोकांत आपला मधला आहे. की विसरलीस?

डॉक्टर : मला मधल्याची आठवण करून देऊ नकोस. आईला फोनवर रोज थापा मीच मारते.

साहेब : मग त्या ड्रायव्हरचा एवढा पुळका कशाला? किल्ली दे. अजून एक तास हवाय मला, बस.

डॉक्टर : चार दिवसांत काय सांगितलं त्यानं?

साहेब : आधी म्हणाला गोदाम. मग म्हणाला जुनं इस्पितळ. काल मात्र नीट बोलला. नदीपलीकडं एक...

डॉक्टर : शाळा.

साहेब : तुला कुणी सांगितलं?

डॉक्टर : त्यानंच. मी काही विचारलंही नव्हतं. पट्टी बांधत होते, तर हात जोडून घडाघडा बोलायला लागला. निम्म्यापर्यंत हिरवी भिंत, फुटका फळा, खिडकीबाहेर हातपंप.

साहेब : तेच. अगदी तेच. मलाही शब्द न् शब्द तेच.

डॉक्टर : जरा मागं वळून बघ.

(साहेब वळतो. फुटक्या फळ्याकडे, मग खिडकीबाहेरच्या हातपंपाकडे बघत राहतो.)

डॉक्टर : आपला तळही शाळेतच आहे, दादा. समोर दिसलं ते सांगितलं त्यानं. तुला काहीतरी हवं होतं, त्यानं दिलं. ठाऊक असतं तर पहिल्याच दिवशी बोलला असता.

साहेब : मी वर कळवून बसलोय. संध्याकाळी तुकडी निघते नदीपलीकडं. चौदा जण.

डॉक्टर : आणि वरच्यांनी एवढ्यावर विश्वास ठेवला?

साहेब : जबाब मारून घेतलेला नाही, कैदी तपासून घेतला होता, असं लिहिलंय. तुझी चिठ्ठी जोडून.

डॉक्टर : फोन लाव. सांग, चिठ्ठी खोटी आहे.

साहेब : डोकं ठिकाणावर आहे का? चौकशी बसेल तुझ्यावर. पदवी जाईल.

डॉक्टर : जाऊ दे. पन्नास सह्यांचं मी लिहूनच ठेवलंय सकाळी. तुझं नाव आहे त्यात. आपण दोघंही जाऊ.

साहेब : आणि मधला? त्याला कुठं शोधायचं मग? सांग ना. तू शहाणी आहेस, सांग.

डॉक्टर : मला नाही माहीत, दादा. त्या ड्रायव्हरलाही नाही. त्याला कितीही मारलंस तरी ते नाहीच माहीत.

साहेब : पॅड माझ्या टेबलाच्या खणात आहे. एकोणीस उरल्यात.

डॉक्टर : आधी फोन कर. मग आण.

साहेब : लावतो. आईला यातलं काही सांगू नकोस. मधल्याला कसं ठेवलं असेल गं तिकडं?

डॉक्टर : तिकडंही कुणीतरी डॉक्टर असेलच की. त्याला आज कामाची गर्दी नसू दे, एवढंच रोज म्हणते मी.